अडला हरी आणि व्हिडिओ गेम

महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, आणि तोवर पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनापुरती वाटणारी जर्मन भाषा एकदम जिल्ह्याजिल्ह्यात चर्चेला आली. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवायचे, त्याआधी त्यांना मोफत जर्मन शिकवायचं, असं त्या योजनेचं स्वरूप. योजना पुढे कशी चालली हा वेगळा विषय आहे, पण तिने एक प्रश्न आपल्या दारात आणून ठेवला. नागपूरच्या दक्षिण टोकाला, दहा-बारा वर्षांपूर्वी महापालिकेच्या हद्दीत आलेल्या हुडकेश्वरात आयटीआय किंवा नर्सिंग करणाऱ्या मुलामुलींच्या कानावर जर्मन पडणार कुठून? वर्गातले आठवड्याचे काही तास सोडले तर आजूबाजूला ती भाषा बोलणारं कुणी नाही. फोन मात्र प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि फोनमध्ये गेम आहेत. त्या गेममधून परकी भाषा शिकता येईल का? घरोघरी याची दोन उत्तरं तयार असतात. आईवडील म्हणतात, यातून अभ्यास सोडून बाकी सगळं येतं. मुलं म्हणतात, आमचं इंग्रजी सुधारलं ते गेममुळेच. दोघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे, पण दोघंही गेमकडे सरसकट बघतात. उपलब्ध पुरावा नीट पाहिला तर त्यातून एक साधा नियम हाती लागतो. जी भाषा कळल्याशिवाय खेळणाऱ्याचं पुढे काही चालत नाही, तेवढीच भाषा गेम शिकवतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे इथे अगदी शब्दशः खरं आहे. हरी अडलाच नाही तर तो कशाला कुणाचे पाय धरेल?

हा नियम पटवून घ्यायला नागपूरकरांना परदेशी संशोधनापर्यंत जायचीही गरज नाही. नागपूर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांत-वऱ्हाडाची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदी आणि मराठी इथे पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजारात, एकाच गल्लीत नांदतात. मराठी शाळेत हिंदीचं पुस्तक हाती यायचं ते पाचवीत, पण इथलं मराठी घरातलं पोर त्याच्या किती तरी आधी हिंदीत भांडायला शिकलेलं असायचं. हे शिक्षण मैदानावर व्हायचं. डाव कुणाचा, आऊट की नॉट आऊट, चेंडू आणायला कोण जाणार, हे सगळं ज्या भाषेत ठरतं ती आली नाही तर पोराला खेळात घेतच नाहीत. म्हणजे खेळ आणि भाषा यांची गाठ इथे जुनीच आहे. आता कुणी म्हणेल की हिंदी-मराठी सख्ख्या बहिणी, लिपी एक, अर्धे शब्द सारखे, त्यात नवल काय? बरोबर आहे. जर्मनला किंवा जपानीला याच्या कैकपट वेळ लागेल. पण मैदानावरची हिंदी ज्या कारणामुळे आली ते कारण लिपीत नव्हतं. समोर उत्तर देणारा माणूस होता, चुकलं की हसणारा होता, आणि न बोललं तर डाव जात होता. व्हिडिओ गेममध्ये यांतलं किती उरतं, एवढंच तपासायचं आहे.

जपानमध्ये झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासाठी फार उपयोगी आहे. डेहान, रीड आणि कुवाडा या संशोधकांनी विद्यापीठातल्या ८० विद्यार्थ्यांच्या ४० जोड्या लावल्या. इंग्रजीची समज आणि गेम खेळण्याचं कसब साधारण सारखं असलेले दोघे एका जोडीत. एकाने ‘पॅरापा द रॅपर २’ हा इंग्रजी गाण्यांचा गेम २० मिनिटं खेळायचा आणि दुसऱ्याने त्याच वेळी दुसऱ्या पडद्यावर तो नुसता बघायचा. मग दोघांचीही शब्दांची परीक्षा. आपली अपेक्षा काय असते? स्वतः करून पाहणारा जास्त शिकेल, ‘कृतीतून शिक्षण’ वगैरे. निकाल उलटा लागला. शब्द दोघांच्याही लक्षात राहिले, पण बघणाऱ्याच्या लक्षात खेळणाऱ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त राहिले. त्यात आश्चर्य नाही, कारण त्या गेममध्ये तालावर अचूक बटण दाबायचं असतं. गाण्यात काय म्हटलं आहे ते कळलं नाही तरी चालतं, ताल चुकला तर मात्र गुण जातात. खेळणाऱ्याचं सगळं लक्ष बोटांत, शब्द कानावरून गेले. बघणाऱ्याला बोटांचं काही काम नव्हतं, म्हणून त्याचे कान मोकळे राहिले. दोन आठवड्यांनी पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा दोघंही बरंच विसरलेले होते, ही त्या प्रयोगातली दुसरी गोष्ट. गेमच्या बाजूने लिहिणारे ही दुसरी गोष्ट सहसा सांगत नाहीत.

हीच कसोटी आपल्याकडच्या एका फार लोकप्रिय गेमला लावून बघा. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली आणि पुढच्या जुलैत तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने, थोडे कपडे बदलून, परत आला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. हा गेम वर्षानुवर्षं खेळणाऱ्या मुलांच्या तोंडी लूट, ड्रॉप, झोन, नॉक, रिव्हाइव्ह असे पाच-पन्नास शब्द पक्के बसलेले असतात. पण ते ज्या वाक्यात येतात ते वाक्य असतं, ‘इधर आ बे, जल्दी रिव्हाइव्ह दे.’ संघातले चारही जण नागपूरचे असले की बोलणं नागपुरी हिंदीत होणार, आणि का होऊ नये? गोळी कुठून आली हे सांगायला इंग्रजीची गरजच पडत नाही. क्रियापदाचा काळ किंवा वाक्याची रचना इथे कुणाचा जीव वाचवत नाही. त्यामुळे ‘गेममुळे इंग्रजी सुधारलं’ हा दावा या गेमपुरता तरी शब्दांच्या एका छोट्या यादीवर येऊन थांबतो. असा गेम परप्रांतातल्या किंवा परदेशातल्या अनोळखी खेळाडूंबरोबर खेळला तर चित्र बदलतं. तिथे इंग्रजीवाचून अडतं, आणि अडलं की माणूस मोडकंतोडकं का होईना बोलतो.

स्वीडनमधून आलेला पुरावा नेमका याच दुसऱ्या प्रकारचा आहे. सिल्वेन आणि सुंडक्विस्ट या दोन अभ्यासकांनी तिथल्या ११-१२ वर्षांच्या ८६ मुलांची पाहणी करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. आठवड्याला पाच तास किंवा जास्त गेम खेळणाऱ्या मुलांचं इंग्रजी सगळ्यात चांगलं निघालं, त्याहून कमी खेळणारी मुलं मधे आणि मुळीच न खेळणारी सगळ्यात मागे. गेमची बाजू घेणारे हा अभ्यास हमखास पुढे करतात. त्यावरचा पहिला आक्षेप कुणालाही सुचेल असाच आहे. ज्यांचं इंग्रजी आधीच बरं आहे तीच मुलं इंग्रजी गेमकडे वळत असतील, तर कारण कोणतं आणि परिणाम कोणता? आक्षेप खोडता येत नाही, कारण पाहणीतून दोन गोष्टी सोबत चालतात एवढंच कळतं. दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्वीडनमध्ये इंग्रजी सिनेमे आणि मालिका सहसा भाषांतरित आवाजात न दाखवता मूळ आवाजात, खाली स्वीडिश ओळी देऊन दाखवतात. तिथलं मूल दिवसभर इंग्रजीत भिजलेलं असतं, गेम ही त्यात एक भर. शिवाय स्वीडिश ही छोटी भाषा, त्यामुळे दुसऱ्या देशातल्या खेळाडूंशी बोलायचं तर इंग्रजीला पर्याय नाही. हुडकेश्वरच्या मुलाच्या कानावर जर्मन अजिबात नाही आणि खेळगडी हिंदी-मराठी बोलणारे. म्हणून स्वीडनचे आकडे इथे जसेच्या तसे आणता येणार नाहीत. पण दोन्ही पुरावे शेजारी ठेवले की मूळ मुद्दा पक्का होतो. जपानी विद्यार्थ्यांचं भाषेवाचून अडलं नाही, स्वीडिश मुलांचं अडत होतं.

मग इथल्या विद्यार्थ्याने भाषेवाचून अडवणारा गेम शोधायचा कसा? एक उदाहरण जवळून पाहू. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवला आणि तो २०१६ मध्ये आला. पुढच्या वर्षी त्यात जर्मन, जपानी, स्पॅनिश, रशियन अशा भाषा आल्या. फोनवरही तो चालतो, एकदा विकत घेतला की इंटरनेटही लागत नाही. भाषा जर्मन निवडली की पहिल्याच दिवशी बियाण्यांची १५ पाकिटं हातात पडतात, ती गाजरासारख्या दिसणाऱ्या एका पांढऱ्या कंदाची असतात. हातात जी अवजारं आहेत त्यांत कुदळ ‘हाके’ आणि पाण्याची झारी ‘गीसकाने’. पीक चार दिवसांत तयार होतं, पण रोज पाणी दिलं तरच. आता घरात एक टीव्ही आहे आणि त्यावर उद्याचं हवामान सांगतात, अर्थात जर्मनमध्ये. ‘मोर्गन’ म्हणजे उद्या आणि ‘रेगन’ म्हणजे पाऊस हे ज्याला कळलं, तो दुसऱ्या दिवशी पाणी द्यायचे कष्ट वाचवून खाणीत जाऊ शकतो किंवा नदीवर मासे धरू शकतो. कळलं नाही तर सकाळी बाहेर पडल्यावरच कळणार, आणि तोवर त्या दिवसाचं काही आखलेलं नसणार. टपालपेटीत पत्रं येतात, अमुक माणसाला तमुक वस्तू हवी असते. ऋतू २८ दिवसांचा, तो संपला की त्या ऋतूचं उभं पीक गेलं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला या भानगडी समजावून सांगाव्या लागत नाहीत, त्यामुळे अनोळखी असते ती फक्त भाषा. आणि सगळ्यात मोठी सोय अशी, की समोरचं पात्र बोलत असताना तुम्ही बटण दाबेपर्यंत वाक्य पडद्यावर थांबून राहतं. शब्दकोश काढा, वहीत लिहा, मग पुढे जा. तालावर बटण दाबायच्या गेममध्ये जी फुरसत नव्हती ती इथे मिळते.

एवढं कौतुक केल्यावर या गेमची दुसरी बाजू सांगायलाच हवी, कारण नियम तोच आहे आणि तो दोन्हीकडून कापतो. जे अडत नाही ते येत नाही. या गेममध्ये पात्रं बोलतात ती फक्त लिहून, आवाज नाही. म्हणजे शंभर तास खेळूनही ‘गीसकाने’चा उच्चार ऐकायला मिळणार नाही. दुसरं, जर्मन नामांना तीन लिंगं असतात आणि त्यानुसार ‘डेअर’, ‘डी’, ‘डास’ लावावं लागतं. तो-ती-ते मुरलेल्या मराठी माणसाला ही कल्पना इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा लवकर पटते, पण कोणत्या नामाचं लिंग कोणतं हे पाठच करावं लागतं. आपला चमचा तो आणि सुरी ती. जर्मनमध्ये चमचा तो, काटा ती आणि सुरी ते! गेममध्ये झारी पोतडीत ठेवली की नुसतं तिचं नाव दिसतं. लिंग चुकीचं धरलं म्हणून कुठलंही पीक वाळत नाही. त्यामुळे खेळणारा शेकडो नामं ओळखू लागतो आणि त्यातल्या अर्ध्यांचं लिंग त्याला ठाऊक नसतं. तिसरी उणीव याहून मोठी आहे. गेम वाचायला लावतो, लिहायला आणि बोलायला लावत नाही. उत्तर द्यायचं तर दोन-तीन तयार पर्यायांतून एक निवडायचा. ओळखणं आणि स्वतः रचणं या दोन कामांत केवढी दरी आहे, हे ज्याने हिंदी सिनेमा समजणाऱ्या पण हिंदीत चार वाक्यं बोलता न येणाऱ्या माणसाला पाहिलं असेल त्याला वेगळं सांगायला नको.

शिक्षणासाठीच बनवलेले गेम ही उणीव भरून काढतील असं वाटतं. मॅक्सम्युलर भवनं चालवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटचे ‘श्टाट डेअर व्योर्टर’, म्हणजे शब्दांचं शहर, आणि ‘लेर्नआबेंटॉयर डॉइच’ हे गेम याच हेतूने काढलेले आहेत. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेची ‘मिशन बर्लिन’ ही २६ भागांची श्राव्यमालिका तर कल्पक आहे. तिची नायिका ॲना एका कॉम्प्युटर गेममध्ये सापडलेली असते आणि तिला १३० मिनिटांत कोडं सोडवायचं असतं. हे सगळं सुरुवातीच्या पातळ्यांचं आहे, उच्चार ऐकायला मिळतात, आणि फुकट आहे. जरूर वापरावं. पण असल्या बऱ्याच गेममध्ये अडवणूक खोटी असते. योग्य शब्दावर टिचकी मारली की टाळ्या वाजतात, चुकलं की पुन्हा मारा. रोजची हजेरी मोडू नये म्हणून दोन मिनिटं टिचक्या मारून झोपी जाणारे भाषेच्या ॲपवाले आपल्या सगळ्यांच्याच ओळखीत असतील. त्यांची हजेरी वाढते, भाषा तेवढी वाढत नाही. करमणुकीच्या गेममध्ये निदान पाऊस पडणार की नाही हे खरोखर जाणून घ्यायचं असतं.

आता आईवडिलांचा आक्षेप. गेमचं व्यसन लागतं ही भीती पोकळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात गेमच्या विकाराला जागा दिली आहे आणि ते वर्गीकरण २०२२ पासून लागू आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमनी किती घरं बुडवली हेही आपण वाचतो, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांवर बंदी घालणारा कायदा केला तो उगाच नाही. पण पत्त्यांचा जुगार आणि जर्मनमधली शेती यांना एकाच नावाने ओळखल्यामुळे घरातलं भांडण सुटत नाही. इथे भाषेसाठी गेम निवडणाऱ्याला एक फायदा आपोआप मिळतो. परक्या भाषेत शब्दाशब्दाला अडत खेळणं दमवणारं असतं. तासाभरात डोकं जड होतं, कारण ते खरं काम आहे. मूल चार तास जर्मन गेम हसत खेळत बसलं असेल तर खुशाल समजावं की ते वाचत नाही, नुसतं बटण दाबून वाक्यं पुढे ढकलत आहे. पालकांना पारखायचंच असेल तर घड्याळाबरोबर वहीही बघावी. आज कोणते शब्द लिहिले, आणि परवाचे आठवतात का? जपानी विद्यार्थी दोन आठवड्यांत विसरले ते उजळणी नव्हती म्हणून, आणि उजळणीचं काम गेम करत नाही.

किती शब्द लागतात याचाही हिशेब करू. गोएथेच्या परीक्षांसाठी छापलेल्या याद्यांत ए-१ या पहिल्या पातळीला साधारण ६५० शब्द आहेत, बी-१ या मधल्या पातळीला साधारण २,४००. जर्मनीत कामाला जायचं तर पेशानुसार बी-१ किंवा त्याच्या पुढची पातळी मागतात, परिचारिकांना सहसा बी-२. ए-१ ते बी-१ या वाटेवरचे बरेचसे शब्द रोजच्या व्यवहारातले आहेत, म्हणजे हवामान, वेळ, खरेदी, भेटीगाठी, आजार. शेतीचा किंवा गावगाड्याचा गेम यांतले पुष्कळ शब्द पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणतो, आणि शब्द पक्का व्हायला तो वेगवेगळ्या जागी अनेकदा भेटावाच लागतो. वर्गातल्या शिक्षकाला इतकी पुनरावृत्ती परवडत नाही. म्हणून शिक्षकाने पाया घालायचा, व्याकरण सांगायचं, उच्चार दुरुस्त करायचे, आणि गेमने शब्दांची रहदारी वाढवायची, अशी वाटणी मला सगळ्यात व्यवहार्य वाटते. पहिल्या महिन्यात, शे-दोनशे शब्दही नसताना, जर्मन गेम सुरू करण्यात काही अर्थ नाही. तेव्हा सगळंच अडतं, आणि सगळंच अडलं की माणूस गुमान भाषा बदलून इंग्रजी करतो. ए-१ होत आलं की सुरू करावं.

नागपूर-वर्ध्याकडे जर्मनचे वर्ग चालवणाऱ्यांना म्हणूनच एक सूचना करावीशी वाटते. गोएथेच्या बी-१ परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार स्वतंत्र भाग असतात आणि प्रत्येकात शंभरपैकी ६० गुण लागतात. बोलण्याच्या भागात पहिलंच काम असतं ते जोडीदाराबरोबर मिळून एखादी गोष्ट आखण्याचं. आठवड्यातला एक तास एकच फोन प्रोजेक्टरला जोडा. गेम एकाने चालवावा, बाकीच्यांनी भिंतीवर बघावं. बघणारा जास्त टिपतो हे तालाच्या गेमपुरतं तरी जपानी प्रयोगाने दाखवलंच आहे, आणि प्रत्येकाने गेम विकत घ्यायचीही गरज उरत नाही. नियम एकच ठेवा, की आज पेरायचं काय, पाणी कुणी द्यायचं, पाऊस आला तर काय करायचं, हे सगळं बघणाऱ्यांनी खेळणाऱ्याला जर्मनमध्येच सांगायचं, आणि त्याने जर्मनमध्ये सांगितलेलंच ऐकायचं. बी-१ च्या परीक्षकासमोर पुढे हेच करायचं आहे, फक्त तिथे शेत नसेल. सहलीचा किंवा मित्राच्या वाढदिवसाचा बेत असेल.